अकरा ताणखुणा

खूण ११

यंत्र पेशीतल्या खुणा शेवटून वाचायला सुरुवात करतं, म्हणून अकरावी खूण आधी. आज सकाळी साडेनऊला गाठीच्या पेशींची कुपी गोठणपेटीतून बाहेर काढली, त्या धक्क्याची.

"ही माझीच चूक, काका," प्रयोगशाळेतली मदतनीस मयूरी बिराजदार हसून म्हणाली. "हात जरा जड आहे माझा."

हर्डीकर हसले नाहीत. कोर्टात शिरस्तेदारी करता करता त्यांचे केस पांढरे झाले होते. हसऱ्या साक्षीदाराची त्यांना अंमळ भीतीच वाटायची. नव्या कायद्याप्रमाणे कुठल्याही शास्त्रज्ञाची संशोधन-नोंद बाहेरच्या माणसानं पडताळायची होती, आणि पडताळणी पेशीकडूनच करायची होती. आज तो बाहेरचा माणूस म्हणजे हर्डीकर. डॉ. नलिनी पोतनीसांचं कर्करोगावरचं औषध त्यासाठी अडलं होतं. एक खूण जरी त्यांच्या नोंदवहीशी जुळली नाही तरी औषध रद्द आणि बाईंची सव्वीस वर्षं पाण्यात.

खुणा १०, ९, ८

"समजा, पेशीला चटका बसला, उपासमार झाली किंवा विष मिळालं," पोतनीस सांगत होत्या. "ती घाईघाईनं रक्षक प्रथिनं तयार करते. संकट टळलं की ती विरतात. पण डीएनएच्या वेष्टणावर बारीकसा ओरखडा राहतो. ही ताणखूण. पेशीची दोन शकलं झाली की दोघींकडे ती जाते. पेशीला दिवसरात्र कळते, त्यावरून तारीखही काढता येते."

"म्हणजे पेशी खोटं बोलत नाही."

"तिला येतच नाही."

"बारावीच्या परीक्षेचा ताण दिसेल का हो बाई?" मयूरीनं विचारलं.

"तो तुझ्या आईच्या पेशीत असेल."

दहा, नऊ, आठ : काचेच्या बशीत या पेशींना दिलेले औषधाचे तीन डोस. तारखा वहीशी तंतोतंत जुळल्या. हर्डीकरांना हे जरा जास्तच नीटनेटकं वाटलं.

खूण ७

शस्त्र. गाठ शरीरातून कापून काढली तो दिवस.

"बस," पोतनीस म्हणाल्या. "इथून पुढं शरीर सुरू होतं. नियम प्रयोगशाळेपुरता आहे."

"जुनं यंत्र इथं थांबायचं, म्हणून तसा नियम होता," हर्डीकर म्हणाले. "हे पुढं वाचतं ना?"

"रुग्णाची खाजगी गोष्ट आहे ती, हर्डीकरसाहेब."

"अहो, रुग्ण मीच की!" मयूरी म्हणाली. "छातीत गाठ होती. ती बाईंनीच चाचपून ओळखली, बाईंच्याच औषधानं बरी झाले. तेव्हापासून इथून हलले नाही. वाचा काका, माझी हरकत नाही. मला पण बघायचंय."

"मयूरी, अगं, चहाचं बघ आधी."

"थांबा ना बाई, सहाच तर उरल्यात."

तिनंच कळ दाबली.

खुणा ६, ५, ४, ३, २, १

विष. विष. विष. विष. विष. विष.

सगळ्या छातीच्या पेशीतल्या, सगळ्या गाठ धरण्याच्या आधीच्या. दोन खुणांमध्ये आठ दिवस. प्रत्येक वेळी सकाळी अकराच्या सुमारास.

हर्डीकरांना विज्ञान येत नव्हतं, पण तारखा वाचता येत होत्या. धूर, धूळ, पाणी, कशानंही पेशी पोळली तर खुणा कशाही, कधीही उमटतील. निसर्ग कॅलेंडर बघून येत नाही.

"आठ-आठ दिवसांनी हिच्या अंगात काय जात होतं, बाई?"



"अहो, त्या लसी!" मयूरीला एकदम आठवलं. "मी नुकतीच नोकरीला लागले होते. प्रयोगशाळेत काम करायचं तर टोचून घ्यावं लागतं म्हणून बाईंनी स्वतः दिल्या. मोजून सहा. दंड सुजायचा माझा."

वही

हर्डीकरांनी त्या वर्षाची वही मागितली. पोतनीसांनी ती निमूटपणे पुढं केली. बोटानं एकेक ओळ खाली सरकत ते थांबले.

क्र. १ ते ४०. प्राणी : उंदीर.

क्र. ४१. प्राणी : (रिकामं). सहा मात्रा, आठ दिवसांच्या अंतरानं, सकाळी अकरा. गाठ : चौदाव्या महिन्यात. वाढू दिली. काढली. औषध सुरू. पूर्ण बरी.

सहाही तारखा त्याच होत्या. चोरी पकडायला ते आले होते, आणि या वहीत खोटी अशी एकही ओळ नव्हती.

"उद्या हजारो बाया जगतील," पोतनीस हळूच म्हणाल्या. "ती पण जगलीच ना?"

पडताळणीच्या कागदावर दोनच चौकटी होत्या : जुळते, जुळत नाही. मयूरीनं हर्डीकरांच्या खांद्यावरून वाकून वही पाहिली. बाईंचं अक्षर तिला पाठ होतं. तिची नजर तारखांवरून फिरली आणि तिनं समाधानानं मान हलवली.

"सगळं जुळतंय की, काका," ती म्हणाली. "मग करा ना सही."