हयातीचा दाखला

निकाल लागून नऊ दिवस झाले, तरी जिंकलं कोण हे मंगळावरच्या तांबडवाडीत कुणीच ठामपणे सांगू शकत नव्हतं. पाथरवट एकोणीस मतांनी, असं अर्धा मंगळ म्हणत होता. लोटलीकर अठरा मतांनी, असं उरलेला अर्धा. ही काही ग्रहसंघाच्या अध्यक्षपदाची खरी निवडणूक नव्हे. ती अजून चार महिने लांब होती. समन्यायी पक्षाने आपला उमेदवार कोण हे ठरवण्यासाठी घेतलेली ही घरातली फेरी. पण घरातच एवढी जुंपली म्हटल्यावर विरोधकांना हातावर हात ठेवून बसणं परवडत होतं.

सगळं घोडं पेंड खात होतं ते एका मेलेल्या माणसापाशी. भास्कर रेगडे हे नेपच्यूनच्या ट्रायटन चंद्रावरच्या खाणकेंद्राचे प्रतिनिधी. केंद्राची सदतीस मतं त्यांच्या हाती होती, आणि ती त्यांनी लोटलीकरांना दिली होती. मतदान बंद होईपर्यंत प्रतिनिधीला मत फिरवण्याचा हक्क असे. मेलेल्याला तो बजावता येत नाही, म्हणून नियमावलीचं सातवं कलम सांगे: ‘मतदान बंद होईल तेव्हा प्रतिनिधी हयात असला पाहिजे.’ तांबडवाडीच्या सभागृहात पाचचा टोला पडला आणि मतदान बंद झालं. रेगड्यांचं हृदय बंद पडलं तेही त्याच सुमाराला, चार प्रकाशतास दूर, म्हणजे प्रकाशालाही यायला चार तास लागतील इतकं.

विश्राम खरमाटे हे निवडणूक निर्णय अधिकारी. एरवी ते वस्तीच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवत. निवडणुकीचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं, आणि सातवं कलमही त्यांच्याच हातचं होतं. पहिल्या मसुद्यात ‘तांबडवाडीच्या घड्याळानुसार’ असे शब्द होते. ट्रायटनवाले चिडले, की घड्याळसुद्धा तुमचंच का? तेव्हा वाद नको म्हणून खरमाट्यांनी ते शब्द काढले आणि ‘तेव्हा’ हा गरीब, निरुपद्रवी शब्द घातला. त्याचं त्यांना त्या वेळी कौतुकही वाटलं होतं.

वेधशाळेच्या डॉ. नसीम मुजावर कागद घेऊन आल्या. मंगळाच्या हिशेबाने मृत्यू पाचच्या अर्धा सेकंद आधी झाला होता. ट्रायटनच्या हिशेबाने पाऊण सेकंद नंतर.

“मग चुकलं कोणाचं?” खरमाट्यांनी विचारलं.

“कोणाचंच नाही, साहेब.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. लांबची घटना ‘आत्ता’ घडली हे आपल्याला दिसत नसतं, ते आपण हिशेबाने काढतो. बातमी आली कधी ते बघायचं आणि तिच्या प्रवासाचा वेळ वजा करायचा. पण दोन माणसं एकमेकांच्या मानाने धावत असली, तर दोघांची वजाबाकी बिनचूक असूनही उत्तरं वेगळी येतात. मंगळ सेकंदाला चोवीस किलोमीटर पळतो, नेपच्यून रमतगमत जातो. एरवी हा फरक चिमूटभरही नसतो, पण अंतर वाढेल तसा तो वाढतो आणि चार प्रकाशतासांवर सव्वा सेकंद होतो. वेधशाळेतले लोक त्याला ‘तेव्हाफट’ म्हणत. त्या फटीत दोन्ही उत्तरं खरी असतात.

सूर्याचं घड्याळ धरलं तर, असं खरमाट्यांनी सुचवून पाहिलं. मुजावरबाई म्हणाल्या, “सूर्य तरी कुठे स्वस्थ बसलाय? धरा हवं तर. पण ते तुम्ही ठरवलेलं असेल, सापडलेलं नसेल.”

कलमाचा अर्थ संदिग्ध असेल तर दोन्ही उमेदवारांच्या प्रतिनिधींनी सह्या करून तो ठरवावा, आणि एकमत झालं नाही तर ती मतं बाद धरावीत, अशी तरतूद होती. लोटलीकरांच्या माणसाने ‘हयात’वर तत्काळ सही ठोकली. पाथरवटांकडून सही करायची होती कुमुद रेगडे यांनी. ही मयताची बायको. नवरा ट्रायटनवर लोटलीकरांचा, बायको मंगळावर पाथरवटांची, आणि त्यावरून दोघांची सहा वर्षं संदेशांतून थट्टा चाले. पाथरवटांसाठी तिने ती सहा वर्षं वस्त्या पालथ्या घातल्या होत्या. ‘मयत’ असं लिहिलं की तिचा उमेदवार जिंकत होता, आणि पक्षातून तिला तसा निरोपही आला होता.

ती आली ती थेट मुजावरबाईंसमोर बसली. निवडणुकीबद्दल तिने काही विचारलं नाही.

“पाचचा टोला पडला तेव्हा मी ह्यांची नक्कल करून दाखवत होते,” ती म्हणाली. “भाषण करताना हे कसे खाकरतात ती. सगळे हसत होते, मी पण. मला एवढंच सांगा, तेव्हा हे होते का?”

मुजावरबाईंना खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं बोलून उपयोग नव्हता. “होते म्हणालात तरी बरोबर, वहिनी. नव्हते म्हणालात तरी बरोबर.”

“असं कसं चालेल? माणूस एकतर असतो नाहीतर नसतो.”

“जवळ असला की,” मुजावरबाई हळूच म्हणाल्या.

कुमुदने सहीचा कागद पुढे ओढला. खरमाट्यांना तिची दया आली आणि स्वतःच्या त्या शब्दाची लाज वाटली. मग तिने लेखणी मागितली. सहा वर्षांची पायपीट एका सहीत घालवून तिने लिहिलं, ‘हयात’.

खरमाट्यांनी हयातीचा दाखला तयार केला: भास्कर रेगडे, ठीक पाच वाजता हयात. शिक्का मारला. लोटलीकर अठरा मतांनी विजयी झाले आणि बाहेर फटाक्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज सुरू झाला. कुमुदने तो दाखला दोनदा वाचला. नऊ दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा सैल झाला.

आता मृत्यूची नोंद उरली होती. ती निबंधक म्हणून खरमाट्यांनाच करायची होती, आणि नोंदवही मात्र पहिल्यापासून तांबडवाडीच्या घड्याळावर चालत आली होती. तिथे ‘तेव्हा’ नव्हतं. त्यांनी वेळ लिहिली: चार वाजून एकोणसाठ मिनिटं, साडेएकोणसाठ सेकंद. त्या नोंदीचा उतारा कुमुदपुढे सरकवला.

ती आकड्याकडे बघत राहिली. “हे आधीचं आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि तेही खरं.”

“तेही खरं.”

तिने उतारा बाजूला केला आणि मघाचा हयातीचा दाखला मागितला. खरमाट्यांनी सांगितलं, की तो निवडणुकीचा दस्तऐवज आहे, तो देता येत नाही. मोहोरबंद राहतो आणि सहा महिन्यांनी नियमाप्रमाणे नष्ट करतात. नक्कलही मिळत नाही.

“मग घरी न्यायला हाच,” कुमुद म्हणाली.

खरमाट्यांनी मान डोलावली. तिने उताऱ्याची घडी घातली, मिळाल्याची सही केली आणि ती गेली.