तिसरं खोगीर

चँडलरहून तीन तासांवर, ॲरिझोनाच्या वाळवंटात, जेमतेम अकरा घरांचं ते गाव. चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर असलेला यतीन आपल्या आठ वर्षांच्या अनिकाला घेऊन तिथे एलेनाबाईंच्या घरी वीकेंडला उतरला होता. रत्नाला, त्याच्या बायकोला, सुट्टी मिळाली नव्हती. बाई सत्तरीच्या, एकट्याच राहणाऱ्या, तीन उंट पाळणाऱ्या. पहिला दिवस अनिकाने टॉर्टिया लाटण्यात आणि उंटांना गाजरं चारण्यात मजेत घालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी तिन्ही उंटांवर खोगीर चढवलं.

"तुम्ही पण बसणार?" यतीनने विचारलं.

"छे, मी पायीच," म्हणत त्यांनी तिसऱ्याची दोरी हातात घेतली.

ऊन कोवळं होतं. मेस्किटच्या झुडपांतून वारासुद्धा नव्हता. फक्त खोगिरांची करकर. मैलभरावरच्या कोरड्या ओढ्यात तिन्ही उंट आपणहून बसले. बाईंनी हॅट काढली.

"काय झालं?"

"काही नाही. थांबू जरा."

मिनिटभराने रिकामा उंट कण्हला, ओझं चढवल्यावर कण्हतात तसा, आणि कष्टाने उठला.

परतताना यतीन वळून वळून बघत राहिला. त्या उंटाच्या खोगिराचा पट्टा ताणला होता. पोट फुगवलं असेल, त्याने स्वतःला समजावलं. गावाजवळ तो उतरला आणि वाळूतले ठसे पाहिले. त्याचं वजन ब्याऐंशी किलो. तरीही तिसऱ्या उंटाचे ठसे त्याच्या उंटाच्या ठशांपेक्षा बोटभर खोल होते.

"कोण आहे?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"कोणास ठाऊक. माझी आईही असंच आणायची. चर्चपाशी उतरतं, निघून जातं."

चर्च आलं. उंट थांबला नाही.

बाईंच्या हातून दोरी सुटली.

उंट सरळ अंगणात गेला, यतीनच्या गाडीला खेटून बसला. मग झटक्यात, हलक्या अंगाने उठून पाण्याकडे गेला.

यतीनने घाईघाईने बॅगा आणल्या. अनिका मागच्या सीटवर बसली होती. तिच्या बाजूचं दार सताड उघडं होतं. तो लावायला गेला.

"नॉट येट, बाबा."

ती पलीकडच्या खिडकीपर्यंत सरकली. सीटवरचा स्वेटर उचलून मांडीवर घेतला. थोडं थांबली.

"ओके. नाऊ."