घरचे टायर

साजरीपाड्याच्या डोक्यावरची भेग मोजायची, आणि पाऊस परत यायच्या आत मोजायची, एवढ्यासाठी प्रियल आणि रिबेका मोटरसायकली घेऊन सातपुड्यात निघाल्या होत्या.

धडगावच्या उत्तरेला, नर्मदेकडे उतरणाऱ्या एका डोंगरसोंडेवर हा पाडा. मोजकी घरं, घरांच्या वर मक्याची शेतं, आणि शेतांच्याही वर जमिनीत पडलेली चंद्रकोरीसारखी चीर. भूशास्त्र शिकलेली प्रियल डोंगरउतारांच्या एका पाहणीत काम करत होती. पावसाळ्याच्या तोंडावर तिने चिरेच्या दोन्ही अंगांना लोखंडी खुंट्या ठोकल्या, मधलं अंतर पोलादी टेपने मोजलं आणि पाड्यातल्या सुरुपसिंगला सांगितलं, "वाढली तर निरोप धाड."

निरोप धडगावच्या बाजारातून आला. दरवर्षी ऊसतोडीला शहाद्याकडे उतरणाऱ्या सुरुपसिंगला अहिराणी चांगली येत होती. "पहिले हात जाये, आते गुडघा जास," एवढंच त्याने कळवलं होतं. पण मका हातातोंडाशी आलेला. ऐकीव गोष्टीवर कोण घर सोडणार? "बाई मोजीसन सांगी, मंग आम्ही निंघसूत," असंही त्याच निरोपात होतं. वाटेतली मोरी वाहून गेल्यामुळे जीप जात नव्हती, फोन लागत नव्हता आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून मोठ्या पावसाचा अंदाज होता. राहिल्या मोटरसायकली.

दोघींच्या गाड्या एकाच बनावटीच्या. उंच, लांब स्प्रिंगच्या, डोंगरासाठीच घडवलेल्या. पण टायर दोन्हींचे झिजलेले. प्रियलच्या आजोबांचं, उमेदमलजींचं, शहाद्यात टायरचं दुकान होतं. दोघी तिथेच गेल्या.

"शेठजी, थोडं डांबर, थोडा चिखल, बाकी सगळा दगड," प्रियलची मैत्रीण, नवापूरकडच्या डोंगरातली रिबेका काउंटरवर कोपरं टेकवून म्हणाली. "या सगळ्याला चालेल असा एक टायर द्या."

"तो टायर अजून जलमले येवाना शे, बेटा!" उमेदमलजी हसले. गिऱ्हाइकाशी ते कायम अहिराणीतच बोलत.

मग प्रियलने दोन नमुने शेजारी शेजारी ठेवले. एक बटन टायर: मोठे सुटे गुटके, मधे रुंद खाचा. चिखलात हे गुटके रुततात आणि चाक फिरलं की खाचांतला चिखल बाहेर फेकला जातो; पण डांबरावर जमिनीला टेकणारं रबर कमी. दुसरा अर्ध्या-अर्ध्या नक्षीचा: गुटके जवळजवळ, त्यामुळे डांबरावर आणि दगडावर जास्त रबर टेकतं, मात्र काळ्या मातीत खाचा बुजून जातात.

"मला हा दुसरा," रिबेका म्हणाली. "चिखल काठीने काढता येतो. घाटातून घसरलेलं माणूस काठीने काढता येत नाही."

प्रियलने बटन टायर घेतले. उमेदमलजींनी माळ्यावरून जोडी उतरवून दिली. खाचांची खोली, भार पेलायची ताकद, चाकाचं माप, सगळं तिने दोनदा तपासलं. एकच गोष्ट तपासली नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन साल. दुकानात बसायची तेव्हा गिऱ्हाइकाला ती हे आकडे स्वतः वाचून दाखवायची. पण हा माल घरचा होता. आणि त्या घराचा नियम आजोबांच्या आधीपासूनचा: गिऱ्हाइकाला ताजा माल, घरच्यांना उरलेला. जुना टायर उमेदमलजींनी कधी कुणाच्या गळ्यात मारला नाही. तो घरच्या स्कूटरला लागायचा, पुतण्याच्या गाडीला लागायचा, आणि शहाद्याच्या सपाट बाजारात बिनतक्रार झिजायचा. घरातलं कुणी त्या टायरांवर सातपुडा चढायला गेलंच नव्हतं.

सकाळी त्या निघाल्या. म्हसावद मागे पडलं, ऊस आणि केळी संपल्या आणि घाट सुरू झाला. उघडीप होती, पण डांबर ओलं होतं. पहिल्याच मोठ्या वळणावर प्रियलच्या गाडीचं मागचं चाक हलकेच बाहेर सरकलं आणि परत जागेवर आलं. बटन टायर आहे, डांबरावर असा वागणारच, असं तिने मनाशी म्हटलं. कारण बरोबर होतं, म्हणून ती पुढे विचार करायची थांबली.

धडगावच्या पुढे वाट उजवीकडे फुटली आणि एका पठारावर काळी माती लागली. पावसाने भिजलेली ती माती टायरला लोण्यासारखी चिकटत होती. रिबेकाच्या टायरच्या खाचा बघता बघता बुजल्या, मडगार्डमध्ये चिखल ठासला आणि पुढचं चाक फिरायचंच थांबलं. ती उतरली आणि सागाची काठी मोडून चिखल उकरू लागली.

"काय गं, माणूस काढायची काठी ती हीच का?" पुढे जाऊन थांबलेली प्रियल ओरडली.

"हस, हस! आमच्याकडे कोंबडेसुद्धा एवढ्या लवकर आरवत नाहीत."

प्रियलचे बटन टायर तिथे खरोखरच छान चालले. गुटके रुतत होते, चिखलाचे गोळे मागे उडत होते. तिचा टायरांवरचा विश्वास पक्का झाला, आणि नेमका चुकीच्या जागी पक्का झाला.

दुपार कलली. मोडलेली मोरी त्यांनी ओढ्यातून गाड्या ढकलत ओलांडली. पाणी इंजिनाला लागलं, पण इंजिन बंद पडलं नाही. पलीकडे चढ सुरू झाला. दोन्ही अंगांना साग, मोह आणि अंजन, खाली कुठेतरी न दिसणाऱ्या पाण्याचा आवाज, आणि नर्मदेच्या बाजूने वर सरकत येणारे ढग. ते ढग अंदाजाच्या बरेच आधी आले होते. दोघींनी एकदाच वर पाहिलं.

मग ती कातळाची पायरी आली.

वाटेचा एक तुकडा पावसाने खरवडून नेला होता आणि खालचा काळा दगड उघडा पडला होता. घराच्या अंगणाएवढा कातळ, वर चढत जाणारा आणि डावीकडे दरीकडे कललेला. त्यावरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत होता. कुठेकुठे हिरवट शेवाळ.

"चालत बघून येऊ आधी," रिबेका म्हणाली.

"ढग बघ! वेळ कुठे आहे?" प्रियलने पहिला गिअर टाकला. "माझे टायर धरतील."

पुढचं चाक चढलं. मागचं चढलं. अर्धा कातळ पार झाला. आणि मग मागचं चाक जागच्या जागी फिरू लागलं!

गाडी पुढे जाईना. शेपूट डावीकडे सरकलं. प्रियलने ब्रेक दाबला. चाक थांबलं, पण गाडी थांबली नाही! बंद चाकांवर सगळी गाडी तिरकी घसरू लागली, सावकाश, जणू कुणी खालून दोरी ओढतंय. गाडी आडवी झाली. प्रियल हँडल धरून तिच्यामागे फरफटत निघाली.

"सोड! गाडी सोड!"

ती सोडत नव्हती. ते हँडल सोडलं तर पाड्यावर पोचणं संपलं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. कातळाची कड जवळ आली. कडेपलीकडे झाडांचे शेंडे दिसले!

"प्रियल! सोड!"

तिने हात उघडला. गाडी कडेवरून गेली. फांद्या मोडल्याचा आवाज, धातूचा एक जोरदार ठोका, मग शांतता. प्रियल पालथी पडून होती, दोन्ही तळवे दगडाला चिकटवून. रिबेका रांगत आली आणि तिने प्रियलच्या जॅकेटची कॉलर धरून तिला मागे ओढलं.

बराच वेळ दोघींना दम लागला होता. कडेवरून डोकावलं तेव्हा गाडी थोड्याच खाली एका अंजनाच्या बुंध्याला अडकलेली दिसली, चाकं वर करून. मागचं चाक हाताच्या अंतरावर होतं. प्रियलने पालथं पडून टायरच्या गुटक्यावर अंगठ्याचं नख जोरात दाबलं. खूण उठली नाही. मग ती उठली, कातळाच्या पायथ्याशी रिबेकाच्या गाडीजवळ गेली आणि तिने तिथेही तसंच नख दाबलं. रबर दबलं, नखाची कोर उमटली.

"काय झालं?" रिबेकाने विचारलं.

"दगड वरून गुळगुळीत दिसतो, पण त्याला बारीक दातरे असतात," प्रियल हळू बोलत होती. "मऊ रबर त्यांच्यात शिरतं, म्हणून धरतं. ठेवल्या ठेवल्या रबर कडक होतं. मग ते दातऱ्यांवरून नुसतं सरकतं. चिखलात कळलं नाही, कारण तिथे गुटक्यांचा आकार काम करतो. इथे रबर लागतं." ती थांबली. "आकडे मी वाचले नाहीत. घरचे टायर म्हणून."

रिबेकाने आपल्या टायरवरची नखाची खूण निरखली. "म्हणजे शेठजींनी मला ताजे दिले आणि नातीला शिळे?"

"गिऱ्हाईक तू होतीस."

दोघींपैकी कुणालाच हसू आलं नाही. ढगाची सावली कातळावर आली होती.

"आता ऐक," रिबेका उठली. "एक गाडी आहे आणि माणसं दोन. भेग तुला वाचता येते, मला नाही. तू पोचायलाच हवीस. कातळ तू चालत ओलांड, डोंगराच्या अंगाने, चारी हातापायांनी. मी गाडी आणते."

"आणि तू घसरलीस तर?"

"तर मी गाडी लगेच सोडेन. तुझ्यासारखी नाही."

प्रियलने खाली बसून रिबेकाच्या दोन्ही टायरांतली हवा थोडी सोडली, म्हणजे टायर पसरेल आणि दगडाला जास्त रबर टेकेल. फार सोडली तर कड चिमटून ट्यूब फुटेल. अंगठ्याने दाबत दाबत ती बेताने थांबली. रिबेकाने काठीने खाचांतला उरलासुरला चिखल काढला. मग तिने कपाळ, छाती आणि खांद्यांना बोटं लावून क्रूस केला आणि गाडी चालू केली.

प्रियल पलीकडे पोचून वळली तेव्हा गाडी कातळावर होती. रिबेका उभी होती, गुडघे वाकवून, नजर पायाखाली नाही, तर पुढे. मधोमध मागचं चाक सरकलं. रिबेकाने ॲक्सिलरेटर वाढवला नाही, ब्रेकही दाबला नाही. चाक हातभर सरकलं, दगडाला धरलं आणि गाडी पुढे आली. आणखी थोडी. आणखी! आणि पुढचं चाक मातीवर चढलं.

उरलेली वाट त्या एकाच गाडीवर दोघी बसून गेल्या, पंपाने हवा थोडी परत भरून.

सुरुपसिंग शेताच्या कडेला वाट बघत उभा होता. "एकच गाडी, ताई?" त्याने विचारलं, पण उत्तरासाठी थांबला नाही. तिघं मक्यातून वर चढले. खुंट्या जागेवर होत्या. मात्र खालची खुंटी आता गुडघाभर खाली गेली होती आणि दरीकडे झुकली होती. प्रियलने टेप लावली. परत लावली. भेगेत कान दिला. आत कुठेतरी पाणी ठिबकत होतं. वरच्या झऱ्याचं पाणी खाली न जाता भेगेत शिरत होतं.

पाड्यातली माणसं जमली होती. पुढे रूपलीबाई, सुरुपसिंगची आई, कमरेला कोयता खोचलेली. तिने पाड्याच्या पावरी बोलीत काही विचारलं. सुरुपसिंगने सांगितलं, "आई इचारी ऱ्हायनी, पडी का?"

प्रियलला खात्रीचं उत्तर हवं होतं. तिच्याकडे ते नव्हतं. आज सकाळी तिला एका गोष्टीची पुरती खात्री होती, आणि ती गोष्ट आता अंजनाच्या बुंध्याला अडकून पडली होती.

"डोंगर कधी पडेल ते मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "नाही पडला तर तुमचा मका जनावरं खातील, आणि तुम्ही मला शिव्या द्याल. द्या. पण पाणी आत जातंय आणि वर पाऊस उभा आहे. माझं घर असतं तर मी आत्ता निघाले असते."

सुरुपसिंगने ते पावरीत सांगितलं. रूपलीबाई भेगेकडे नाही, प्रियलच्या सोललेल्या तळव्यांकडे बघत होती. मग ती वळली आणि घराकडे जाता जाता मोठ्याने काहीतरी म्हणाली. पाड्यात एकदम धावपळ सुरू झाली.

गुरं सुटली. कोंबड्या टोपल्यांखाली गेल्या. कणगीतलं धान्य पोत्यांत आलं, जातं एकाच्या खांद्यावर चढलं. एक म्हातारा उठेना. रिबेकाने त्याला गाडीवर मागे बसवून समोरच्या टेकाडावर नेलं; मग ती परत आली, परत गेली. पहिले टपोरे थेंब पडले तेव्हा शेवटची माणसं पाडा आणि टेकाड यांच्यामधला ओढा ओलांडत होती. भटू नावाचा एक जण विसरलेल्या बकरीसाठी मागे वळला; सुरुपसिंगने त्याचा दंड जो धरला तो टेकाडापर्यंत सोडला नाही.

पाऊस कोसळू लागला. अजून उजेड होता. सगळे मोहाखाली उभे राहून समोर बघत होते. डोंगर होता तसाच होता. प्रियल मनातल्या मनात मोजणी पुन्हा करत होती, आणि कुणाकडे बघायचं टाळत होती.

आधी मका हलला. वारा नसताना सगळं शेत एकाच बाजूला कललं. मग आवाज आला, दुरून एखादी मालगाडी यावी तसा. आणि शेत, झाडं, कुडाच्या भिंती, सगळं एकत्र, उभंच्या उभं खाली निघालं! काही क्षण एक छप्पर मातीवर तरंगताना दिसलं. मग तेही वळसा घेऊन दरीत गेलं. जिथे पाडा होता तिथे लाल माती राहिली आणि तिच्यावरून पाणी वाहू लागलं.

एक बाई रडू लागली. मग दुसरी. रूपलीबाई रडली नाही. ती एकेकाला हात लावत माणसांमधून फिरली, पोरांना, म्हाताऱ्याला, भटूला. शेवटी रिबेकाला आणि प्रियललाही. फिरून झाल्यावर तिने मुलाकडे पाहून, सगळे आहेत, अशी मान डोलावली.

सुरुपसिंग लाल मातीकडे बघत होता.

"मका गया," तो म्हणाला. "घर बी गयं." मग त्याने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. "मानसं शेतस."