शंका आली तर फोन करा

त्यांची पहिली भेट तिच्या बावळटपणामुळे झाली, आणि हे तीच सगळ्यांना हसत सांगायची.

ती हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीवर बसायची. दिवसभर तोंड चालू, म्हणून नावही ‘टकळी’च पडलेलं. एका पावसाळी दुपारी ‘तुम्हाला छत्री बक्षीस लागली आहे, इथे दाबा’ असा मेल आला आणि तिने लगेच दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली — तुम्ही फसलात!

मागे कुणीतरी खाकरलं. “एका छत्रीपायी अख्खं हॉस्पिटल विकलंत की हो...”

रुग्णांची माहिती चोरांपासून सांभाळायला नवाच आलेला हा माणूस. सगळे त्याला ‘कुलूपवाले’ म्हणत. सराव म्हणून असे खोटे मेल तोच पाठवायचा, आणि जो फसेल त्याला आपल्या खोलीत बसवून शिकवायचा.

“शंका आली तर काय करायचं?”

“घाबरायचं.”

“नाही हो! ज्याच्या नावाने मेल आलाय, त्याला फोन करून विचारायचं.” हे सांगताना तो तिच्या डोळ्यांत बघत होता... जरा जास्तच वेळ.

पुढच्या वेळी ती मुद्दाम फसली.

“पुन्हा?”

“पालथ्या घड्यावर पाणी... शिकवा अजून एकदा.”

त्याला कळायचं ते कळलं. मग सरावात नसलेले मेल तिला एकटीलाच येऊ लागले. ‘चहा निवतोय, इथे दाबा.’ ‘निळा रंग कुणाला शोभतो? इथे दाबा.’ ती दाबायची, लाल अक्षरं यायची, आणि काचेपलीकडे तो मान खाली घालून हसायचा. प्रेमात पडलेली माणसं शहाणी असती तर आणखी काय हवं होतं!

एके दिवशी मेल आला — ‘आज संध्याकाळी वेळ आहे का?’ या वेळी पासवर्डही मागितला. ती लाजली, आणि टाकला.

लाल अक्षरं आलीच नाहीत.

ती त्याच्या खोलीत गेली. “आज ‘फसलात’ म्हणाला नाहीत?”

त्याचा चेहरा पांढरा पडला. “मी... आज काही पाठवलं नव्हतं.”

त्याने धावत जाऊन सगळे संगणक इंटरनेटपासून तोडले. काम कागदावर सुरू झालं, कुणाचे उपचार अडले नाहीत. पण रुग्णांच्या फायली चोरीला गेल्या होत्या, आणि थोड्याच दिवसांत त्या गावभर मोबाइलवर फिरू लागल्या.

ज्यांची माहिती गेली, त्या प्रत्येकाला कळवायचं होतं. फोन करायचं काम तिने मागून घेतलं. बहुतेकांनी शिव्या घातल्या, त्या सोसवल्या. एक शाळेतल्या बाई मात्र शांतपणे बोलल्या. मनाच्या आजाराचे त्यांचे उपचार आता वर्गातल्या मुलांच्या पालकांनाही माहीत झाले होते.

“तुमच्या खिडकीशी मी हळू आवाजात सांगितलं होतं. तुम्हीही हळूच विचारलं होतं... बरं वाटलं होतं मला.” मग म्हणाल्या, “आता मी नाही येणार तिकडे.”

त्या खरंच आल्या नाहीत. टकळी त्या दिवसापासून गप्प झाली.

चौकशीत तो उभा राहिला. “दाबायची सवय तिला मी लावली. माझ्या करमणुकीसाठी.” त्याची नोकरी गेली. जिन्यात तिने वाट अडवली.

“थांबा ना...”

“थांबलो, तर आपण एकमेकांकडे बघू तेव्हा त्या बाई आठवतील. तुम्हालाही, मलाही.”

तिला खोटं बोलता आलं नाही. ती बाजूला झाली.

पुढच्या पावसाळ्यात त्याच्या नावाने मेल आला. ‘परत येतोय. भेटशील? इथे दाबा.’ किती वाट बघितली होती तिने या एका ओळीची! बोट ‘इथे दाबा’पर्यंत गेलं... आणि तिने फोन उचलला.

“तुमच्या नावाने मेल आलाय. तुम्ही पाठवलात?”

“काय लिहिलंय?”

“परत येताय म्हणून.”

“...नाही. मी नाही पाठवला. उघडू नका.”

“बरं.” तिने डोळे पुसले. “आणि आधीचे? तेही सगळे खोटेच होते ना?”

“मेल खोटे होते हो,” तो म्हणाला. “आवडत होतात तुम्ही... अजूनही. पण फोन केलात, फार बरं केलंत.”

तिने मेल पुसून टाकला. खिडकीशी एक आजोबा कधीचे ताटकळत होते. ती काचेजवळ वाकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “सांगा आजोबा, काय होतंय?”