जुन्या प्रोसेसरची उसंत

खोपोलीच्या बाजारपेठेत, मशिदीकडे वळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी अदनानचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. नवंकोरं असं तिथे फारसं काही मिळत नाही. बंद पडलेल्या ऑफिसांतले कॉम्प्युटर तो ढिगाने उचलतो, उघडतो, धूळ काढतो, प्रोसेसर थंड ठेवणारी, आता खडूसारखी वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावतो आणि आसपासच्या पोरांना परवडेल अशा किमतीत विकतो. त्याच्या मशिनवर गेम बऱ्यापैकी चालतात, एवढीच त्याची जाहिरात.

त्याची धाकटी बहीण अल्मास एका पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. लोखंडी पट्ट्या यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढायच्या आणि त्या कुठे हार मानतात ते बघायचं, हे तिचं काम. मोजल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे. रविवारी मात्र ती दुकानात बसून बंदुकीचा गेम खेळायची, आणि तो ती इतका चांगला खेळायची की कर्जतपासून पनवेलपर्यंतची खेळणारी मंडळी तिला नावाने ओळखत.

गोष्ट बिघडली ती साईराजमुळे. कर्जत स्टेशनजवळ त्याचं काचेचं चकचकीत शोरूम, शिवाय मोबाइलवर त्याचे व्हिडिओ. एका व्हिडिओत तो हसत हसत म्हणाला, "आठ-नऊ वर्षांचा जुना प्रोसेसर गेमसाठी घेणं म्हणजे भंगार घरात आणणं. आणि आपल्याच शेजारी काही लोक हे भंगार पोरांच्या गळ्यात मारतायत." नाव त्याने घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. पोशीर, नेरळकडची पोरं मशिन परत घेऊन येऊ लागली. अदनान कुणाशी भांडला नाही, पण जेवताना घास हातातच राहू लागला. मग साईराजने कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये जाहीर सामना ठेवला: जुना विरुद्ध नवा. ग्राफिक कार्ड दोन्हीकडे एकच, पडदे एकसारखे, फरक फक्त प्रोसेसरचा. अदनानने रागाच्या भरात फोन लावला आणि हो म्हणून टाकलं.

"खेळणार कोण?" साईराजने विचारलं.

"माझी बहीण," अदनान म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर तिच्याकडे बघायची त्याला हिंमत होईना.

अल्मासने कपाळाला हात लावला नाही. तिने आधी मोजायचं ठरवलं. पनवेलच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने नवा प्रोसेसर चार दिवसांसाठी दिला. जुना तिने दुकानातल्या ढिगातूनच निवडला. खालापूरजवळच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या ऑफिसातून आलेला, चार कोअरचा, कडेला जरा काळवंडलेला. एकच गेम, एकच नकाशा, एकच कार्ड. आकडे सरळ होते. चित्राचा दर्जा वाढवला की दोघांत फार अंतर राहत नसे, कारण तिथे सगळा भार कार्डावर पडे. दर्जा कमी करून वेग मागितला की नवा सुसाट निघे आणि जुना मागे राही. त्यातही जुन्याची खोड अशी की मधूनच चित्र अडखळे. सरासरी बरी, पण ऐन धुमश्चक्रीत एखादी फ्रेम घशात अडकल्यासारखी थांबे.

"भाई, नवा फास्ट हाय," ती म्हणाली. "खोटं नाय बोलणार मी."

"मला ठाव हाय गं," अदनान म्हणाला. "फक्त भंगार नाय एवढं दाखव."

त्या रविवारी दुपारी ती जुन्यावर सराव करत होती. बाहेर घाटाकडे निघालेल्या ट्रकांची घरघर, वर अदनानच्या बायकोच्या, सफुराभाभीच्या मिक्सरचा आवाज, डोक्यावर पंखा. समोर पडक्या गोदीतून एक शत्रू वळला, त्याची बंदूक उठली, आणि चित्र अडखळलं.

पंखाही गप्प झाला. लाइट गेली, असं तिला वाटलं. पण पडदा उजळलेला होता. ट्रक नाही, मिक्सर नाही, गल्लीतला एक आवाज नाही. तिने शत्रूकडे नीट पाहिलं, त्याच्या खांद्याचा कोन पाहिला, माउस जरासा सरकवला. मग सगळं एकदम सुरू झालं आणि शत्रू कोसळला.

दमल्यामुळे झालं असेल, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

दुसऱ्यांदा झालं तेव्हा सफुराभाभी शेजारी उभी राहून कपात चहा ओतत होती. चित्र अडखळलं. अल्मासच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं म्हणून तिने मान वळवली. चहाची धार किटलीपासून कपापर्यंत काचेच्या कांडीसारखी उभी होती. तिच्यावरची वाफ जागच्या जागी होती. भाभीच्या पापण्या अर्ध्यावर. चहाचा वासही येत नव्हता. अल्मासने भाभीच्या तोंडासमोर हात हलवला. हात हलला, पण हवा कातडीला लागली नाही.

मग धार कपात पडली. "बघतेस काय अशी?" भाभी म्हणाली. "भूत बघितल्यासारखी?"

"तुला काय थांबल्यासारखं वाटलं?"

"काय थांबलं?"

अल्मास स्क्रूड्रायव्हर घेऊन मशिनकडे वळली. ती प्रयोगशाळेतली बाई होती. तिने रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला, कार्ड बदललं. शेवटी तो काळवंडलेला प्रोसेसर काढून दुसऱ्याच मदरबोर्डवर बसवला. तरीही ते झालं. ढिगातला त्याच जातीचा, त्याच वर्षाचा दुसरा प्रोसेसर लावला, तर चित्र अडखळलं आणि पंखा आपला फिरत राहिला. नव्यावर तर प्रश्नच नव्हता. तो लोण्यासारखा चालायचा आणि त्याच्यावर ती गोदीत हमखास मरायची.

मशिनचा वेग नोंदवणाऱ्या आलेखात प्रत्येक वेळी फक्त एक सुई दिसे, डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळाची. अल्मासला मात्र आत बसून विचार करता येई. आणि दर खेपेला ती उसंत थोडी लांबत होती.

तिने कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? एकदा तिला वाटलं, हा प्रोसेसर कपाटात टाकावा आणि दुसरा घेऊन कळंबला जावं. त्या संध्याकाळी पोशीरचा सहदेव नावाचा शेतकरी मुलीसाठी घेतलेलं मशिन परत द्यायला आला. खाली मान घालून म्हणाला, "पोरीला समदी चिडवतात वो, भंगारवाली म्हून." अदनानने मशिन आत घेतलं. अल्मासने तो काळवंडलेला प्रोसेसर पुन्हा उचलला आणि स्वतःच्या हाताने त्याला पेस्ट लावली.

कळंबला सामना सकाळी होता. थंडीचे दिवस, भातकापणी होऊन शेतात वाल उभा होता, आणि रिसॉर्टच्या हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. साईराज कोट घालून माइकवर बोलत होता. त्याच्या बाजूने पुण्याहून आलेला रुद्र खेळणार होता. शांत, अदबीने वागणारा तरुण. "बेस्ट ऑफ लक, ताई," तो म्हणाला आणि त्याने खरंच मनापासून हात मिळवला.

वर मोठ्या पडद्यावर दोन्ही मशिनच्या वेगाचे आकडे झळकू लागले. रुद्रचा आकडा अल्मासच्या दुपटीच्या वर गेला तेव्हा हॉलभर हशा पिकला. पहिल्या फेऱ्या तिने सरळ गमावल्या. तिचं चित्र अडखळत होतं, पण ते साधं अडखळणं होतं. पंखे फिरत होते, लोक खोकत होते. साईराज म्हणाला, "मंडळी, आकडे खोटं बोलत नाहीत." अदनान पहिल्या रांगेत बसला होता. त्याने दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले होते.

मग अल्मासने आकड्यांकडे बघणं सोडलं. रुद्र प्रत्येक वेळी क्रेनच्या डावीकडून येतो, हे तिच्या ध्यानात आलं होतं. तिने एक फेरी घेतली, मग दुसरी. यात उसंत नव्हती, फक्त तिचा हात होता. मागच्या रांगांतली पोरं उभी राहिली. कुणीतरी "खोपोली! खोपोली!" असं ओरडलं. दोघांचे गुण बरोबरीत आले आणि शेवटची फेरी उरली.

या फेरीत रुद्र क्रेनकडून आलाच नाही. तो तिच्या पाठीमागे उतरला. तिला पावलं ऐकू आली, ती वळली. फार उशीर झाला होता. त्याच्या बंदुकीच्या तोंडाशी उजेड फुटला.

आणि हॉल गप्प झाला.

अल्मास थांबली. मग तिने माउस सोडला. आजवर तिने हे कधी केलं नव्हतं. ती खुर्चीवरून उठली.

शेकडो माणसं, उघडी तोंडं, हवेत उंचावलेले हात. साईराजचा माइक ओठांपाशी. रुद्रच्या कपाळावर घामाचा एक थेंब, खाली न येणारा.

ती अदनानसमोर जाऊन उभी राहिली. भावाचा चेहरा तिने इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. तो हरण्याला घाबरला नव्हता. तो तिच्यासाठी घाबरला होता. शेजारी भाभीच्या ओंजळीत दुआ होती.

तिने ओढणी सावरली, परत येऊन बसली, निशाणा घेतला. घाई नव्हती.

आवाज परतला तो छत कोसळल्यासारखा. पडद्यावर रुद्र आडवा झाला होता आणि अल्मासच्या नावाखाली विजयाची पट्टी होती. लोक बाकांवर चढले. अदनान मुलासारखा रडत होता आणि कोण कोण त्याला मिठ्या मारत होतं. पोरं विचारत होती, भाई, असलं मशिन अजून हाय का?

साईराजचा चेहरा उतरला, पण त्याने माइक तिच्याकडे दिला.

"आकडे खरे हायत," अल्मास म्हणाली. "नवा प्रोसेसर फास्टच हाय. ज्याला झेपेल त्याने खुशाल घ्यावा. पण ज्याच्या घरी जुना हाय, त्याने मान खाली घालायची गरज नाय. भंगार काय असतं ते मी रोज कारखान्यात बघते. हे भंगार नाय."

टाळ्या थांबेनात. दाराशी सहदेव मुलीला घेऊन उभा होता. मुलगी त्याच्या खांद्याआडून पुढे झुकून टाळ्या वाजवत होती, आणि तिच्या बापाची मान ताठ होती.

निघताना रुद्र जवळ आला. "छान खेळलात, ताई. एक विचारू? शेवटी तुमची ओढणी उजव्या खांद्यावर होती. फेरी संपल्यावर मी मान वर केली तर डाव्या. मधे तुम्ही हललाच नाहीत."

"तुमचं लक्ष गेममध्ये नव्हतं वाटतं," अल्मास म्हणाली. तो हसला. तीही हसली.

दुपारी मशिन गोधडीत गुंडाळून टेंपोत ठेवलं आणि तिघं पुढे बसून निघाली. कर्जत मागे पडलं. अदनान गाडी चालवता चालवता विनाकारण हॉर्न वाजवत होता. मोबाइलवर एकामागून एक फोन. गेलेली गिऱ्हाइकं परत येत होती. भाभी साईराजची नक्कल करत होती, "मंडळी, आकडे खोटं बोलत नाहीत," आणि अल्मासला हसून हसून ठसका लागला. इतकी खुश ती कित्येक वर्षांत झाली नव्हती. त्या प्रोसेसरची आता गरज नाही, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. घरी गेल्यावर तो काढायचा आणि पुन्हा कधी लावायचा नाही.

पळसदरीच्या पुढे भाभीचं हसणं अर्ध्यावर तुटलं.

इंजिन गप्प. समोरची धूळ हवेत उभी. वालाच्या शेतावर एक बगळा पंख पसरून टांगल्यासारखा.

अल्मासने मागे वळून पाहिलं. गोधडीची गाठ तशीच होती. वायर गुंडाळलेली. मशिन बंद होतं.

होईल सुरू, ती स्वतःशी म्हणाली. आत्ता होईल.

झालं नाही.

ती बसून राहिली. मग रस्त्याच्या कडेला, चिंचेखाली, तिला धूर दिसला. तो वर चढत होता.

दगडावर एक माणूस विडी ओढत बसला होता. पांढरा सदरा, साधा चेहरा, कुठल्याही गावात दिसावा असा. त्याने झुरका घेतला, राख झटकली आणि टेंपोच्या काचेतून सरळ तिच्याकडे पाहिलं. ओळखीचं माणूस बऱ्याच वेळाने आल्यावर बघावं तसं.

मग तो दगडावर थोडा बाजूला सरकला, आणि शेजारची जागा त्याने हाताने झाडून साफ केली.