सहाशे बारा मीटरच्या पुढे

धावपट्टी रोज सकाळी पायी चालून बघावी लागते. लोक गाडीतूनही बघतात, पण गाडीतून धावपट्टी दिसते, तिच्यावर पडलेला खिळा दिसत नाही. मी बावीस वर्षं चालतोय. सुटलेला स्क्रू, टायरचा तुकडा, मेलेला पक्षी, डांबराला गेलेला तडा, जे सापडेल ते उचलायचं किंवा मोजायचं, आणि परत येऊन नोंदवहीत लिहायचं, 'तपासले. ठीक.' खाली सही. माझी बायको याला खडे वेचायची नोकरी म्हणते.

त्या मंगळवारी दुपारी एका प्रवासी विमानाचं पुढचं चाक उघडलं नाही. वैमानिकाने तरीही ते सरळ उतरवलं. शेवटी नाक टेकलं आणि घासत गेलं. मी कडेला जीपपाशी उभा होतो. सहाशे बारा मीटर घासून विमान थांबलं, आणि आता सुटलो असं वाटतंय तोच पोटाखालून जाळ निघाला. बंब वेळेत आला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच्या नळीतून आग विझवायचा फेस आला नाही. नळीने दोन उचक्या दिल्या, पिवळट पाणी गळलं आणि बस. दुसरा बंब येईपर्यंत चार मिनिटं गेली. तेवढ्या वेळात मागच्या दारातून एकशे एक्केचाळीस माणसं घसरून खाली आली. त्या सगळ्यांना एकेक करून ज्या हवाईसुंदरीने खाली ढकललं, ती स्वतः आली नाही. ती माझी धाकटी बहीण.

अग्निशमन केंद्राच्या प्रमुखाला सगळा विमानतळ मामा म्हणतो. धाकटीही म्हणायची. बंबातला फेस दर महिन्याला मैदानात फवारून बघायचा असतो, नाहीतर तो टाकीत दह्यासारखा विरजतो. मामाच्या वहीत आठ महिन्यांच्या आठ चाचण्या होत्या, प्रत्येकीपुढे त्याची झोकदार सही. चौकशी समितीच्या मॅडमनी वही बघितली, ती खरी मानली आणि अपघाताच्या दिवशी वारा कसा फिरला होता, यावर चर्चा सुरू केली. पण शेवटच्या तीन चाचण्यांच्या तारखांना ते मैदान माझ्याच माणसांनी खणून ठेवलं होतं. तिथे बंब काय, सायकल उभी राहिली नसती. खोदकामाच्या हुकुमाची प्रत माझ्या खणात होती. मामाने सगळ्यांना मामा बनवलं होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं.

प्रत मी समितीला देणारच होतो. तेवढ्यात ती रेघ दिसली.

विमानाने पाडलेला ओरखडा आम्ही भरून सपाट केला होता. विमान जिथे थांबलं तिथे मी एक पोलादी खूण ठोकून घेतली होती. अकराव्या दिवशी, शनिवारी, धावपट्टी पुन्हा सुरू होणार, म्हणून लवकर गेलो. खुणेच्या पुढे चार मीटर ओरखडा होता. चार बोटं रुंद, कडांचं डांबर वितळून गोल झालेलं. विमान तिथे गेलंच नव्हतं. ते उलट्या बाजूने ओढून नेलं होतं. मी वाकून हात लावला. ऊन अजून पडलं नव्हतं, तरी रेघ कोमट होती.

शहाण्या माणसाने शोधावीत ती सगळी कारणं मी शोधली. एखादी गाडी, आमचं खरवडायचं यंत्र, माझीच मोजणीतली चूक. तीनदा मोजलं. वहीत काय लिहावं सुचेना, म्हणून नेहमीचं लिहिलं. तपासले. ठीक.

सोमवारी ती सव्वीस मीटर होती. मंगळवारी एकोणपन्नास, आणि धावपट्टी सोडून गवतात शिरली होती. गवत जळलं नव्हतं, भांग पाडल्यासारखं दोन्ही अंगांना निजलं होतं. मी रेघेच्या टोकावर उभा राहिलो आणि नाकासमोर बघितलं. समोर अग्निशमन केंद्राचं लाल दार होतं.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. धाकटी गेल्यापासून पहिल्यांदाच. कागद दिला असता तर समितीने काय केलं असतं? फार तर निलंबन, मग मामा घरी बसून पेपर वाचणार. मला मामा मेलेला हवा होता, आणि तोही घाबरून घाबरून. मी हुकुमाची प्रत खणात आणखी तळाशी सारली.

त्याच दुपारी मॅडमनी मला बोलावलं.

"तुम्ही इथले जुने. शिवाय तुमची बहीण... तुम्हाला काही सांगायचंय का?"

"नाही मॅडम."

"धावपट्टीचं काय?"

"तपासली. ठीक आहे."

मग रोज वीस-बावीस मीटर. लोक रेघेवरून ये-जा करायचे. कुणीतरी काहीतरी ओढत नेलं असेल, म्हणायचे. जो मोजत नाही त्याला तो भरायचा राहिलेला जुनाच ओरखडा वाटतो. रविवारी माझी सुट्टी असते. बदली माणूस गाडीतून चक्कर मारतो आणि वहीतला रकाना कोरा सोडतो. रविवारी रेघ तसूभरही वाढायची नाही. "तिलाही आठवड्याची सुट्टी हवी ना," मी बायकोला गमतीने म्हणालो. ती हसली नाही. "कोणाला?" एवढंच म्हणाली.

पुढे समितीने चौकशीपुरतं केंद्रातल्या मामाच्या खोलीला सील ठोकलं आणि मामाला तात्पुरतं माझ्या खोलीत टेबल दिलं, माझ्या समोरच. दुसऱ्या सकाळी बघितलं तर केंद्राच्या दारापासून साठ पावलांवर रेघ काटकोनात वळली होती. टोक आमच्या इमारतीकडे.

आता दिवसभर तो माझ्या डोळ्यांपुढे असायचा. डबा उघडायचा, बंद करायचा. पंचावन्न वर्षांचा गडी, पण आठवडाभरात सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. एकदा मधल्या सुट्टीत म्हणाला, "तुला वास येतो का रे? तापल्या लोखंडासारखा?"

"नाही." मलाही येत होता.

"इथेच कुठेतरी येतोय."

"मामा, जन्मभर आगी विझवल्यात तुम्ही. नाकात राहणारच."

त्याने डबा बंद केला. मग हळूच म्हणाला, "तिने मला हाक मारली होती. मागच्या दारातून. 'मामा, फेस मारा,' म्हणाली."

मी फायलीतून मान वर केली नाही. माझ्या हातातली पेन्सिल मोडली, ती मी खणात टाकली.

"मी काय करू, सांग ना."

"मला काय विचारता?"

गुरुवारी रेघ इमारतीच्या पायरीला लागली. शुक्रवारी आत आली. फरशीवर ती बोटाएवढीच रुंद झाली होती. झाडलोट करणाऱ्या मावशी माझ्यावरच डाफरल्या, "साहेब, हे कपाट कोणी ओढलं? घासून घासून माझे हात मोडले, जाईल तर शपथ."

रेघ खोलीच्या दाराबाहेर दोन मीटरवर थांबली होती. दारापासून मामाच्या टेबलापर्यंत तीन मीटर. हिशेब सोपा होता. मी वहीत 'तपासले. ठीक.' लिहिलं. त्या दिवशीची सही फार सुरेख आली.

"मामा, उद्या येताय ना?"

"येईन की. का रे?"

"सहज विचारलं."

शनिवारी मी धावपट्टीवर गेलोच नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा फेरी चुकवून थेट आमच्या खोलीत आलो.

मामा आला होता. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. उभ्या उभ्या टेबल आवरत होता.

"काल संध्याकाळी मॅडमकडे गेलो," तो म्हणाला. "सगळं लिहून दिलं. आठही सह्या खोट्या आहेत म्हटलं. टाकी मी उघडलीच नव्हती. आता निलंबनाचा कागद घ्यायला आलोय."

मी दारातच थांबलो.

"तुझी माफी मागायला तोंड नाही मला. पण काल झोप लागली रे. आणि तो वास गेला बघ."

मी त्याच्या पायांकडे बघत होतो.

रेघ दाराखालून आत आली होती. त्याच्या टेबलाच्या रोखाने दीड मीटर अगदी सरळ. तिथून वळली होती.

मामाने पिशवी उचलली. जाताना रेघेवर पाय देऊन गेला. खाली बघितलंसुद्धा नाही.

खोलीत मी एकटा उरलो. वास माझ्या नाकात भरला होता.

खणातून हुकुमाची प्रत काढली. आता ती कोणाला द्यायची? तिच्यातलं सगळं मामा सांगून बसला होता. मग नोंदवही उघडली. एकाखाली एक अठरा दिवस, तेच दोन शब्द, तीच सही. एक खोडली तर अठरा खोडाव्या लागणार, आणि कशासाठी केल्या तेही सांगावं लागणार. समितीच्या मॅडमची खोली जिन्यावरून वर, डावीकडे. मी उठलो नाही.

वही मिटली. खिशातली टेप काढली.

रेघेच्या टोकापासून माझ्या खुर्चीच्या पायापर्यंत नऊ इंच.

मी खुर्ची पार भिंतीपर्यंत मागे सरकवली.

पुन्हा मोजलं. नऊ इंच.