आकडा न आलेली शाळा

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी कुणाच्या मिनतवाऱ्या करणार नाही.

घडली ती माझ्या बहिणीच्या बाबतीत. घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात, वय सत्तेचाळीस झालं तरी. तिला गोष्ट रचून सांगता येत नाही. साधा विनोद सांगायचा तरी ती शेवट आधी सांगून मोकळी होते. म्हणून मी छातीठोकपणे म्हणते, की हे घडलं.

आणि घडलं ते भर दुपारी. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. सुट्टी लागून आठवडा झाला होता. शाळेत चिटपाखरू नव्हतं.

निदान तिला तसं वाटलं.

धाकटीचं काम आधी सांगते. सरकारी शाळांत कॉम्प्युटर कुठे किती द्यायचे, कोण शिकवणार, बिघडले तर काय, याचा वर्षाचा आराखडा ती बनवते. आणि बिघडले की स्वतःच पाना-पेचकस घेऊन जाते. बेचाळीस शाळा, एक स्कूटर आणि ही एकटी. शिकली कुठे म्हणाल, तर कुठेच नाही. कारकून म्हणून लागली होती. बंद पडलेले डबे उघडून बघता बघता शिकली.

त्या वर्षी वरून फर्मान आलं. जिथे कॉम्प्युटर वापरात नाहीत तिथले उचला आणि मोठ्या शाळांना द्या. वापर कळायची सोय होती. प्रत्येक कॉम्प्युटर दिवसभरात किती तास चालू होता, तो आकडा संध्याकाळी आपोआप इंटरनेटवरून ऑफिसात यायचा.

पाच शाळांचा वापर निघाला शून्य.

चार शाळा तिने आवरल्या. पाचवी राहिली होती. शेवटच्या थांब्याच्याही पुढे, टेकाडावर. अडतीस मुलं, बारा कॉम्प्युटर. दुसऱ्या दिवशी दहाला टेम्पो येणार होता. त्याआधी सगळं खोक्यांत भरायचं आणि 'वापर शून्य' या कागदावर सही करायची, एवढंच काम.

फाटकाशी शिपाईमावशी उभ्या होत्या. हातात किल्ली.

"न्यायला आलात?"

"हो मावशी."

"बाईंना विचारलंत?"

"मोठ्या बाईंना? कळवलंय त्यांना."

"त्या नव्हे. कॉम्प्युटरच्या बाई. टकटकबाई."

धाकटी थबकली. त्या बाईंना ती ओळखत होती. एका अपघातानंतर त्यांचं एकच बोट धड चालायचं. त्या एका बोटाने त्या असं ठोकून टाइप करायच्या, की शेजारच्या वर्गात ऐकू जायचं. म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव.

"मावशी, त्या गेल्या ना थंडीत?"

"गेल्या. म्हणून काय झालं?"

मावशींनी किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि पायरीवर जाऊन बसल्या. खोलीकडे पाठ करून.

धाकटीने दार उघडलं.

आत... धूळ नव्हती.

थंडीपासून खोली वापरात नाही म्हणजे बोटभर थर हवा होता. टेबलं लख्ख होती. कीबोर्डवरची पुसलेली अक्षरं कुणीतरी पांढऱ्या नेलपॉलिशने पुन्हा काढली होती. केबल साडीच्या जुन्या काठांच्या पट्ट्यांनी बांधलेल्या, प्रत्येकीला दुहेरी गाठ. भिंतीवर पुठ्ठा होता : 'एका कॉम्प्युटरला तिघे. मधल्याने बोटं चालवावीत, बाजूच्यांनी डोकं.'

धाकटीला हसू आलं. मग वाईट वाटलं. मग तिने घड्याळ बघितलं. दीड वाजला होता.

तिने मेन स्विच बंद केला. फ्यूज काढून पर्समध्ये टाकला. ही तिची सवय. कुणी मध्येच स्विच चालू केला तर नसती आफत. मग कात्रीने पट्ट्या कापल्या, एक नंबरचा कॉम्प्युटर, स्क्रीन, कीबोर्ड असं सगळं खोक्यात घातलं आणि वर चिकटपट्टी मारली. खोकं चांगलं जड झालं होतं. दोन्ही हातांनी ढकलत तिने ते भिंतीला लावलं.

दोन नंबरच्या केबलला हात घातला आणि...

टक.

तिने मान वर केली.

काही नाही. पाल असेल.

टक... टक.

पाल अशी सावकाश बोलत नाही. ही एका बोटाची चाल होती. अक्षर शोधायचं आणि मग ठोकायचं.

टक... ... टक.

धाकटीने एकेक टेबल बघितलं. सगळे स्क्रीन काळे. आवाज टेबलांवरून येतच नव्हता.

तो खोक्यातून येत होता.

चिकटपट्टी मारलेल्या खोक्यातून.

दुसरी कुणी असती तर पर्स तिथेच टाकून पळाली असती. मी तर नक्कीच. पण धाकटीचं आमच्या आईसारखं आहे. भीती वाटली की तिला राग येतो. ती तरातरा गेली आणि तिने चिकटपट्टी टराटरा फाडली.

खोकं रिकामं होतं.

तिने मागे वळून बघितलं.

एक नंबरच्या टेबलावर सगळं जागच्या जागी होतं. कॉम्प्युटर, स्क्रीन, कीबोर्ड. केबल जोडलेल्या. आणि पट्टी... जी तिने पाच मिनिटांपूर्वी कात्रीने कापली होती, ती अखंड. वर दुहेरी गाठ.

"हे बघा बाई," धाकटी मोठ्याने म्हणाली. आवाज कापत होता हे तिनेच मला सांगितलं. "तुम्ही आहात की नाहीत ते मला माहीत नाही. असलात तर बसा बापड्या. पण हे काम माझं आहे, आणि मी ते करूनच जाणार."

तिने सगळं पुन्हा भरलं. तीन वेळा चिकटपट्टी मारली. आणि मग, ऐका, ती खोक्यावर जाऊन बसली. चक्क मांडी घालून.

"आता काढा," म्हणाली.

खोली शांत.

बाहेर मावशींचं खोकणंही थांबलं होतं.

मग तिच्याखाली... अगदी तिच्याखाली...

टक. टक. टक.

आणि खोकं हलकं झालं. आतून कुणी भार काढून घ्यावा तसं. पुठ्ठा कर्रर्र करत खाली बसला आणि त्याबरोबर धाकटीही जमिनीवर आली.

तिने वर बघितलं तेव्हा एक नंबरचा स्क्रीन चालू होता.

फ्यूज तिच्या पर्समध्ये होता. तिने चाचपून बघितला. होता.

स्क्रीनवर एक पान उघडलेलं होतं. तिच्या आराखड्याचं. ते ऑफिसात होतं, या शाळेत यायचं त्याला कारणच नव्हतं. पान सात, खालून दुसरी ओळ :

'आकडा आला नाही, तर शून्य धरावे.'

धाकटी ती ओळ बघतच राहिली.

ही ओळ तिची होती. महिन्याभरापूर्वी तक्त्यात पाच रकाने रिकामे राहिले होते. साहेब डोक्यावर उभे होते, "भरा हो काहीतरी, वर पाठवायचंय." आणि तिने ही ओळ लिहून पाच शून्यं टाकली होती. चहा गार व्हायच्या आत.

ओळीच्या शेवटी ती उभी रेघ लुकलुकत होती.

टक. 'वे' गेला.

टक. 'रा' गेला.

एकेक अक्षर करत सगळं मागे पुसत गेलं. 'आकडा आला नाही, तर' एवढंच राहिलं.

आणि टकटक थांबली.

धाकटी म्हणते, आवाज येत होता तोवर बरं होतं. तो थांबला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. कारण तिला कळलं, की आता कुणीतरी तिची वाट बघतंय.

ती उठली. स्क्रीनकडे पाठ न करता भिंतीशी गेली. इंटरनेटची तार शोधली. तार खिडकीतून बाहेर जात होती, भिंतीवरून फाटकापर्यंत... आणि तिथे लोंबत होती. पुढे खांबच नव्हता.

"मावशी! ही लाइन कधीपासून तुटलीय?"

"बाई गेल्या त्याच आठवड्यात खांब पडला. मोठ्या बाईंनी तीन अर्ज केले तुमच्या ऑफिसात."

"आणि मुलं? मुलं बसतात का इथे?"

"बसतात म्हणजे? शाळा असली की ही खोली मोकळी नसते. मोठी पोरं लहानांना शिकवतात. बाईंनी लावून दिलेली शिस्त आहे. सुट्टीतसुद्धा किल्ली मागायला येतात मेले."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

धाकटी दारात तशीच उभी राहिली. कॉम्प्युटर रोज चालत होते. फक्त आकडा ऑफिसात पोचत नव्हता. न पोचलेल्या आकड्याला तिने शून्य म्हटलं होतं. आणि त्या शून्यावर चार शाळा आधीच रिकाम्या झाल्या होत्या, तिच्याच हाताने.

ती आत गेली. स्टुलावर बसली. कीबोर्ड गार होता म्हणते, त्या उन्हातही. अपुऱ्या ओळीपुढे तिने लिहिलं : 'जाऊन विचारावे.'

स्क्रीन मिटला.

मग तिने तिथूनच साहेबांना फोन लावला.

"साहेब, टेम्पो पाठवू नका."

"का? खोकी कमी पडली?"

"इथले कॉम्प्युटर वापरात आहेत."

"अहो, आकडा शून्य आहे."

"आकडा आलेलाच नाही. शून्य मी लिहिलं. माझी चूक आहे."

"बरं, झाली चूक. आता काय त्याचं? मी मोठ्या शाळेला शब्द दिलाय."

"मग तुमच्या केबिनमधला द्या की. तो कितीसा वापरात असतो?"



"बाई, गुमान सही करा. नाहीतर कारणे दाखवा नोटीस निघेल."

"काढा. कारणं भरपूर आहेत माझ्याकडे."

तरी दुसऱ्या दिवशी टेम्पो आलाच. धाकटी दाराला कुलूप घालून मावशींच्या शेजारी पायरीवर बसली होती. बातमी फुटली असावी, कारण वीसेक पोरं आणि त्यांच्या आया येऊन उभ्या होत्या. कुणी घोषणा दिल्या नाहीत. नुसते उभे. ड्रायव्हरने सगळ्यांकडे बघितलं, गाडी वळवली आणि म्हणाला, "ताई, मी तुम्हाला पाहिलंच नाही. रस्ता सापडला नाही असं सांगतो."

नोटीस आली. धाकटीने तिला दोन पानी उत्तर दिलं. उरलेल्या चारही शाळांत जाऊन विचारलं, तेव्हा तीन शाळांची लाइन तुटलेली निघाली. त्यांचे कॉम्प्युटर परत मिळवायला तिने चार महिने ऑफिसात अशी भांडणं केली, की चहावाला आधी बाहेरून अंदाज घ्यायचा आणि मगच आत यायचा. पण मिळवले.

इथे संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

शाळेत लिहिलेली ओळ ऑफिसातल्या आराखड्यातही उमटली होती. साहेबांनी ती बदलून पुन्हा जुनी केली. 'शून्य धरावे.' सकाळी बघतात तर... 'जाऊन विचारावे.' पुन्हा बदलली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी पासवर्डसुद्धा बदलला आणि कुणालाच सांगितला नाही.

सकाळी ओळ तीच. 'जाऊन विचारावे.'

त्यांनी धाकटीला बोलावून घेतलं. "हे तुमचेच उद्योग ना?"

"हो," धाकटी म्हणाली. "मीच करते. करा काय शिक्षा करायची ती."

आता मी काय सांगते ते ऐका. त्या तिसऱ्या रात्री धाकटी माझ्याजवळ होती. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि दवाखान्यात माझ्या खाटेशेजारी ती सतरंजीवर झोपली होती. मला रात्रभर डोळा लागला नव्हता. ती जागची हललेली नाही.

"मग हो का म्हणालीस गं?" मी विचारलं.

"ताई, कुणीतरी म्हणायला हवं ना. त्या थोड्याच येणार आहेत सही करायला?"

मी हसले. पण ते हसू फार दिवस टिकलं नाही.

मागच्या महिन्यात आराखड्यात आणखी एक ओळ बदललेली सापडली. वेगळ्याच शाळेची. शहरातली मोठी इमारत, नवी कॉम्प्युटरची खोली. धाकटीने स्वतः तपासून लिहिलं होतं, 'खोली सुरक्षित आहे.'

त्यातला 'सुरक्षित' शब्द कुणीतरी पुसला होता.

ती त्याच मिनिटाला स्कूटर काढून निघाली. भर तासाला वर्गात शिरली. सर हसले म्हणे. "हसा खुशाल," ती म्हणाली, "पण पोरांना आधी बाहेर काढा." आणि कुलूप घातलं.

तेव्हापासून तिघांनी ती खोली तपासली. भिंती ठीक. छत ठीक. वायरिंग ठीक. कुणालाच काही सापडत नाही.

मुलं सध्या व्हरांड्यात शिकतात. साहेब रोज किल्ली मागतात.

धाकटी देत नाही.